मे महिन्यातला फोटो

संभाजीनगरजवळच्या एका नगरपरिषदेत अर्ज केला की जमिनीचा ड्रोनवरून काढलेला फोटो मिळतो. माझ्या प्लॉटचा घ्यायला गेलो, तेव्हा रांगेत माझ्यापुढं एक बाई होती. टाचांच्या भेगांत काळी माती, हातात नुकताच मिळालेला फोटो. त्याखाली शेरा होता: ‘पडीक’. तिच्या सासऱ्याला सरकारकडून कसायला मिळालेली जमीन तेवढ्या एका शब्दावर परत घेणार, अशी नोटीस तिच्या पिशवीत होती.

तिनं फोटो टेबलावर थापला आणि नखानं एकेक रेघ दाखवली. “ही नांगरट हाय, साहेब. मे महिन्यात रान नांगरून तापू द्यावं लागतं. तेच्यात हिरवं कुठून दिसंल?”

“मावशी, फोटो खोटं बोलत नाही,” मोबाईलवरची नजर न काढता कारकून म्हणाला.

“फोटो खरंच बोलतोय. तुमालाच वाचता यीना.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चहूबाजूंनी शेतं असलेल्या गावात बसून या शहाण्यांना नांगरलेलं रान ओळखू येत नाही!

“अहो, मग पुन्हा काढा ना फोटो!” मी ओरडलो.

“काढू की,” तो शांतपणे म्हणाला. “अर्ज करा. ड्रोन वर्षातून एकदाच उडतो. आता पुढच्या मे महिन्यात.”