दुसऱ्याच्या नावाचं पेन

संक्रांतीला कुणी वाटी पुढे करून 'गोड बोला' म्हटलं की मला अजून किळस येते. तिळगुळाची नाही, बिचाऱ्या तिळाने माझं काय वाकडं केलंय. म्हणणाऱ्याची येते.

माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही किंवा पित्त होतं असलं काही नव्हे. पोटात गेला तर घसा सुजून श्वास बंद पडू शकतो. त्यावर तातडीचं औषध एकच, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. ते जाडजूड पेनसारखं मिळायचं. टोपण काढायचं, मांडीवर दाबून धरायचं, बस. जीपीने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, अशी दोन पेनं लिहून दिली होती, एक माझ्या पर्समध्ये आणि एक तिच्या शाळेत. शाळेतल्यावर तिचं नाव, तिचा फोटो, आणि ते मेडिकल रूममध्ये कुलपात. तिसरं मागितलं तर जीपी म्हणाला, दोन पुरे. मग शाळेला म्हटलं, तुम्हीच एखादं जादा ठेवा, कुणाच्याही उपयोगी पडेल. तर ते तेव्हाच्या कायद्यात बसत नव्हतं. प्रत्येक पेन डॉक्टरच्या चिठ्ठीवर, एका ठरावीक मुलाच्या नावाने. शाळेने केमिस्टकडून आणायचं म्हटलं तरी मिळणार नव्हतं. मला तिथेच हसू आलं, कारण त्याच कॉरिडॉरमध्ये भिंतीवर आग विझवायचं लाल सिलिंडर लटकत होतं आणि त्याच्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

आम्ही विलायतेत, पिनरला राहायचो. आमच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम शनिवारी त्याच शाळेच्या हॉलमध्ये व्हायचे. मंडळात डॉक्टर इतके, की दगड भिरकावला तर दोन-तीन कन्सल्टंट जखमी व्हावेत. माझा नवराही भूलतज्ज्ञ, पण त्या संक्रांतीला तो हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होता. मी काळी साडी, वर थंडीचं जाड ॲनोरॅक, आणि पर्समध्ये मुलीसाठी घरी केलेल्या लाडवांचा डबा अशी गेले. नुसते तीळ आणि गूळ. आपल्याकडे तिळाच्या लाडवात दाण्याचा कूट घालतातच, खुसखुशीत होतात म्हणून. आणि विचारलं तर अगदी प्रामाणिकपणे सांगतात, छे गं, दाणे कुठे, तिळाचे आहेत. कूट म्हणजे दाणे नव्हेतच आमच्या लोकांच्या लेखी. तो मिठासारखा असतो, सगळ्यात असतो आणि कुणाला आठवत नाही. म्हणून मुलीला बजावलं होतं, आईच्याच डब्यातलं खायचं.

मंडळाचे अध्यक्ष रिटायर झालेले मोठे डॉक्टर होते. सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणत. ते चांदीची वाटी घेऊन मुलांच्या रांगेतून फिरत होते. माझी आठ वर्षांची पोर शहाण्यासारखी म्हणाली, "आजोबा, मला शेंगदाणा चालत नाही." ते म्हणाले, "अगं, तिळाचा आहे, आजीने केलाय. आणि थोडं थोडं खाल्लं की होते सवय. आमच्या वेळी नव्हती असली थेरं." आणि लाडू मोडून तिच्या तोंडात घातला. मोठ्या माणसाने भरवलेला घास थुंकायचा नाही, हे तिला आम्हीच शिकवलेलं. ती गिळून माझ्याकडे पळत आली.

आधी ओठ सुजले. मग गळ्यावर गांधी आल्या आणि ती म्हणाली, "आई, माझा जीभ मोठा झालाय." मी तिथेच खाली बसले आणि पर्समधलं पेन तिच्या टाइट्सवरूनच मांडीत दाबलं. कुणीतरी ॲम्ब्युलन्ससाठी नाइन-नाइन-नाइन फिरवला. पेनाने उतार पडला, पोर रडायला लागली, रडते आहे म्हणजे श्वास आहे म्हणून मला हायसं वाटलं. भोवती डॉक्टरांचं कडं जमलं. एकाने नाडी धरली, एकाने पाय उंच ठेवायला सांगितलं, एक मला दीर्घ श्वास घे म्हणाला. ज्ञान उतू चाललं होतं आणि औषध एकाच्याही खिशात नव्हतं. बाहेर बर्फ पडत होता, ॲम्ब्युलन्स निघाली आहे एवढंच कळत होतं. आणि मग तिच्या छातीत परत शिट्टी वाजायला लागली.

दुसरं पेन त्याच इमारतीत होतं, हॉलच्या दाराबाहेर वळलं की लगेच. मी शाळेच्या केअरटेकरकडे धावले. तो म्हणाला, तुमच्या बुकिंगमध्ये हॉल, किचन आणि टॉयलेट्स आहेत. ऑफिसच्या बाजूच्या चाव्या हेडटीचरकडे असतात, मी फोन करतो. त्याने केला. व्हॉइसमेल लागला. त्याने शांतपणे निरोप ठेवला, स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगून.

मी मेडिकल रूमच्या दाराला खांदा लावला तेव्हा डॉक्टरकाका मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "अगं, थांब जरा. ॲम्ब्युलन्स येईलच. दार फोडलंस तर हा हॉल आपल्या हातचा जाईल, ह्या सगळ्या हॅरो भागात दुसरा मिळत नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसाने माझ्या लेकीच्या तोंडात विष घातलं होतं आणि त्याला हॉलची काळजी पडली होती. मी म्हटलं, "काका, तुम्ही बाजूला व्हा, नाहीतर पहिलं हे सिलिंडर तुमच्या डोक्यात घालीन." उभ्या जन्मात मी वडीलधाऱ्यांशी असं बोलले नव्हते. मग ते लाल सिलिंडर भिंतीवरून काढलं आणि दारावरच्या काचेवर हाणलं, आणि आत हात घालून कडी काढली.

आत कपाट होतं, त्यालाही कुलूप. तेही सिलिंडरनेच तोडलं. मुलीच्या फोटोचा डबा समोरच होता आणि तो रिकामा होता. शुक्रवारी तिचा वर्ग पोहायला गेला होता, तेव्हा टीचरने पेन बॅगेत नेलं ते टीचरबरोबर तिच्या घरीच गेलं, हे मागाहून कळलं. शेजारी दुसरा डबा होता. त्यावर खालच्या वर्गातल्या एका मुलाचा, दात पडलेला हसरा फोटो. मी त्याचं पेन उचललं.

त्या पेनाने माझी पोर वाचली. रात्री तिच्या हॉस्पिटलच्या कॉटजवळ नवऱ्याने सांगितलं की जीव वाचवायला हे इंजेक्शन कुणीही कुणालाही दिलं तरी कायद्याला चालतं. फक्त शाळेने, हॉटेलने आधीपासून आणून ठेवायचं नाही. म्हणजे बुडणाऱ्याला दोर कुणीही टाकावा, पण दोर जवळ बाळगू नये. पुढे बऱ्याच वर्षांनी शाळांना जादा पेन ठेवायची मुभा मिळाली. वरातीमागून घोडं, आणि तेही वाटलं तर ठेवा असं, ठेवलंच पाहिजे असं नव्हे.

डॉक्टरकाका रविवारी हॉस्पिटलात आले. हातात फुलं. म्हणाले, "झालं गेलं विसरून जा. तिळगूळ घ्या, गोड बोला." मी फुलं घेतली आणि त्यांच्यासमोर कचऱ्याच्या बिनमध्ये टाकली.

रविवारीच मी पालकांच्या यादीतून नंबर काढून त्या दुसऱ्या मुलाच्या आईला फोन केला. इंग्लिश बाई, गेटवर हॅलो म्हणण्यापुरती ओळख. तुझ्या मुलाचं पेन मी वापरलं, सोमवारी शाळेत त्याच्यासाठी पेन नसेल, असं सांगितलं. ती ओके म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी हेडने मला बोलावलं. मुलगी कशी आहे हे विचारून झालं, आणि मग म्हणाली की मी दुसऱ्या मुलाचं औषध घेतलं ही अतिशय गंभीर बाब आहे. माझ्या मुलीची टीचर तिचं पेन घरी घेऊन गेली ही कुठली बाब, असं मी विचारलं. त्यावर तिने सांगितलं की शाळेने सगळ्याचा फेरविचार केला आहे. आता मेडिकल रूमच्या दाराला आणखी एक कुलूप बसवणार आहेत, काचेच्या जागी लाकूड घालणार आहेत. हे ती मला दिलासा म्हणून सांगत होती. मी उठले.

गेटपाशी त्या मुलाची आई उभी होती, त्याचा हात घट्ट धरून. ती मला फाडून खाणार अशा तयारीने मी गेले आणि आधीच परत सगळं सांगून टाकलं, माफी मागितली, दुसरं कुलूप येतंय तेही सांगितलं. मग तिने मुलाला जरा लांब उभं केलं आणि हळू आवाजात विचारलं, "दार फोडायला किती वेळ लागला?"

मी तिला सांगितलं. काचेत तार असते, पहिल्या तडाख्याला ती फक्त तडकते, कुलपाजवळ मारत राहायचं. आता लाकूड येणार, तर बिजागरीच्या बाजूने बघावं लागेल. ती मान डोलावत होती, एकेक लक्षात ठेवल्यासारखी.

"आणि ते सिलिंडर फार जड असतं का?" तिने विचारलं.

"उचलता येतं," मी म्हटलं.