आखूड पडदे

घरात सगळ्यांत उंच असूनही तिचं नाव बारकीच राहिलं होतं. बत्तीस वर्षांची झाली, वडिलांच्या पडद्यांच्या दुकानात माप घेण्यापासून कापड बेतण्यापर्यंतचं काम एकहाती सांभाळू लागली, तरी बारकीच. भांडण झालं म्हणून काही ती घराबाहेर पडली नाही. भावाला जुळी झाली, घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि दिवसभर गिऱ्हाइकांच्या खिडक्या सजवणाऱ्या बारकीला आपली म्हणून एक खिडकी हवीशी वाटली, इतकंच. दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या.

आई दुसऱ्याच दिवशी डबे लावायला हजर. बाबांचं घोडं मात्र अडलं. "माझं घर कमी पडलं का?" एवढं विचारून त्यांनी तोंड फुगवलं ते फुगवलंच. दुकानात बापलेकीचं बोलणं इंचांपुरतं उरलं. "काही काम निघालं तर जाईन," असं ते आईला सांगत. असा महिना उलटला.

नवं घर बारकीला मनापासून आवडलं होतं. सकाळी न्हाणीघरापुढे रांग नाही, रेडिओ आपल्या मर्जीचा. पण बाबांनी एकदा येऊन सगळं बघावं, नावं ठेवायची तर खुशाल ठेवावीत, याची तिला फार ओढ लागली होती. बोलवायचीही सोय नव्हती. बोलावलं की ते नाही म्हणणार, आणि एकदा नाही म्हटलं की जन्मभर त्याला चिकटून राहणार.

एका बुधवारी बाबांनी तिच्यापुढे एक पुडकं सरकवलं. "तुझ्या खिडकीचे पडदे. माप वहीत लिहिलं होतंस. मीच बेतले."

घरी जाऊन टांगले तर दोन्ही चांगले चार इंच आखूड. बारकी चक्रावली. चाळीस वर्षांत बाबांचं माप बोटभरही चुकलेलं तिनं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात म्हणाली, "बाबा, पडदे आखूड झालेत. उद्या इथेच घेऊन येते."

"इथे आणून काय करू?" बाबांनी कापडावरची नजर उचलली नाही. "खिडकीवर टांगलेले बघायला हवेत. रविवारी बघतो येऊन."

संध्याकाळी तिनं पडद्याची खालची पट्टी चाचपली. हाताला जाड लागली. उलटून बघते तर आत अख्खं चार इंच कापड दुमडून कच्च्या टाक्यांनी धरून ठेवलेलं. दुसऱ्या कुणी कारागिरानं असं काम केलं असतं तर बाबांनी त्याला फैलावर घेतलं असतं. बारकीला हसू आलं आणि एकदम भरूनही आलं. उसवून नीट करायला तिला अर्धा तास पुरला असता. हातात घेतलेली कात्री तिनं परत खणात ठेवली.

रविवारी बाबा गळ्यात टेप अडकवून आले. "जिना फार उभा आहे," दारातच म्हणाले. मग नळ सोडून बघितले, दाराची कडी हलवून ढिली ठरवली, गॅलरीतून खाली वाकून पाहिलं. पडद्याला हात घालायची वेळ आली तशी बारकी चहा करायला आत गेली आणि गरजेपेक्षा बराच वेळ आत राहिली.

ती बाहेर आली तेव्हा एक पडदा नेमक्या मापाचा होऊन खिडकीवर लटकत होता.

"चूक माझीच," बाबा दोरा गुंडाळत म्हणाले. "चष्मा बदलायला झालाय."

"होतं असं कधीकधी," बारकी म्हणाली.

चहा पीत ते तासभर खिडकीशी बसले. समोरच्या रस्त्याबद्दल, जुळ्यांच्या दातांबद्दल बोलले. निघताना बारकीनं विचारलं, "आणि दुसरा पडदा?"

"आज कंबर धरलीये. पुढच्या रविवारी येतो."

"या ना," बारकी म्हणाली. "तेव्हाच स्वयंपाकघरातल्या खिडकीचंही माप घ्या, बाबा. मला ते काही नीट जमत नाही."