घंटा झाली, खडू खाली

आमच्या हेडसरांचा एकच नियम होता: घंटा झाली की खडू खाली. शब्द अर्धा असो, गणित शेवटच्या ओळीवर आलेलं असो, सर खडू ठेवत, हात झटकत आणि दाराकडे चालू लागत. मुलं मागे रांगेत. हे इतकी वर्षं चाललं की गावात कुठेही घंटा वाजली तरी पोक्त माणसं हातातलं काम टाकून उभी राहत. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनिशी उठलेले एक काका तर मी स्वतः पाहिलेत.

मग कमी पटाच्या शाळा बंद करणाऱ्या कायद्याची बातमी आली. आमची शाळा त्यात पहिल्या फटक्यात जाणार होती. निवडणूक तोंडावर आलेली. एका पक्षाचे लोक उमेदवार घेऊन सरांकडे पाठिंबा मागायला आले. सरांनी त्याला तोंडी परीक्षेत नापास केलं. दुसरा आणला, तोही गेला.

"मग सर, तुम्हीच उभे राहा ना," कुणीतरी वैतागून म्हणालं. सर राहिले, अपक्ष म्हणून. सगळा मतदारसंघ त्यांच्या हाताखालून गेलेला. दुसऱ्याला मत देऊन पुन्हा सरांसमोर जायची कुणाची छाती होती? सर आमदार झाले.

विधेयकाच्या दिवशी बाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, डबा हातात दिला. त्याच शाळेत पहिलीचा वर्ग त्यांच्याकडे होता.

"अहो, भाषण झोडत बसू नका. विरोधात मत द्या आणि या."

सरांनी भाषण झोडलं. मध्येच शिक्षणमंत्री शेजाऱ्याशी कुजबुजले.

"काय चाललंय ते सगळ्यांना कळू द्या," सर म्हणाले.

मंत्री उभे राहिले. "काही नाही, सर."

"मग हाताची घडी घाला."

अख्ख्या सत्ताधारी बाकांनी घातली. विरोधी बाकं मात्र, सर आपल्याच बाजूने बोलताहेत म्हणून, निवांत झोपली होती.

तेवढ्यात मतदानाची घंटा झाली. ही घंटा सभासदांना आत बोलावते. ती थांबली की दारं बंद, आणि बाहेर राहील त्याचं मत बुडालं. सर वाक्याच्या मध्यावर थांबले, हात झटकले आणि बाहेर पडले. व्हरांड्यात आल्यावर मागे दार लागल्याचा आवाज झाला, तेव्हा कुठे त्यांना मतदान आठवलं. गेली शाळा.

वळून पाहतात तर सगळा सत्ताधारी पक्ष रांगेत उभा, हाताची घडी तशीच.

"सर, ही मधली सुट्टी की शाळा सुटली?" मंत्र्यांनी विचारलं.

आत दाराच्या धाडकन आवाजाने विरोधक दचकून जागे झाले आणि सवयीने "नाही" म्हणाले. विधेयक पडलं.

"वाचली का शाळा?" बाईंनी दारातच विचारलं.

"वाचली. पण मी मत नाही दिलं. बाहेर होतो."

"म्हणजे, वर्गाबाहेर काढलं तुम्हाला?"

सर मान खाली घालून उभे राहिले. बाईंनी डबा उघडला. पोळ्या जशाच्या तशा.

"आणि हा का नाही खाल्लात?"

"मधली सुट्टी होती की नाही," सर म्हणाले, "ते शेवटपर्यंत कुणी सांगितलंच नाही."