पलटणकाकांचे रकाने

पलटणकाकांनी उभ्या आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही, पण कुठल्या देशाकडे किती फौज आहे असं विचारा, हातातला चहा खाली ठेवून सांगतील. दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीत गाड्या चढवण्यात त्यांची सारी नोकरी झाली. त्यांचं खरं नाव सखाराम, पण ते बहुधा रेशनकार्डालाच ठाऊक असावं.

त्यांच्या जाडजूड वहीत प्रत्येक देशाला एक पान आहे आणि पानावर तीन रकाने: लष्कर, निमलष्करी, राखीव. आकडे पेन्सिलीने, कारण ते बदलतात. पेपरात नवा आकडा आला की खोडरबर बाहेर निघतो. सैन्यच नसलेल्या कोस्टा रिकालाही त्यांनी अख्खं पान दिलंय. मी हसले तर म्हणाले, "शून्य बी नीट लिवायचा. पान कोरं ठेवलं तर लोकांना वाटंल, ह्याला म्हाईत न्हाय."

रकान्यांची सरमिसळ त्यांना अजिबात खपत नाही. मस्कतहून सुट्टीवर आलेले हनीफचाचा एकदा टपरीवर मोबाईल नाचवत म्हणाले, "बघा, हा देश फौजेत आपल्या पुढं गेला!" काकांनी चष्मा लावला. "हनीफभाय, त्यांचे सीमेवरचे, राखीव, सगळे एकात ओतलेत आन् आपलं नुसतं लष्कर धरलंय. मी बोटीत स्कूटर आन् ट्रक एकाच रकान्यात लिवले असते तर बोट कवाच कलंडली असती!" चाचांनी मोबाईल खिशात घातला.

निमलष्करी दलाच्या भरतीत मी पहिल्यांदा धावण्यात नापास झाले. बाबांनी बजावलं, "अजून एकदा जा. न्हाय जमलं तर हा नाद सोडायचा." मी रडत जेट्टीवर काकांकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून ओहोटीच्या ओल्या वाळूवर मी धावायची आणि काका घड्याळ घेऊन खडकावर बसायचे. "हात काय हालवतेस? ट्रक मागं घेतेस काय?" कितीही जीव तोडून धावले तरी त्यांचं एकच, "अजून उशीर हाय." भरतीच्या मैदानावर मी सगळ्यांच्या पुढे आले, तेव्हा कळलं की आकड्याला इतका जपणारा हा माणूस महिनाभर माझ्याशी खोटं बोलत होता. मला त्यांचा राग आला आणि त्यांना जाऊन मिठी मारावीशीही वाटली.

निवडीचं पत्र घेऊन मी आधी काकांकडे पळाले. त्यांनी ते दोनदा वाचलं, वहीतलं भारताचं पान काढलं, माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि आकड्यापुढे लिहिलं, 'अधिक एक'. लष्कराच्या रकान्यात!

"काका, रकाना चुकला. मी निमलष्करी."

त्यांनी रकान्यावर बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग खोडरबर घासघास घासला. शाई काही निघेना. डोळे मात्र भरून आले होते.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

आता मी घरापासून फार लांब, सीमेवर असते. परवा पुन्हा सुट्टीवर आलेल्या हनीफचाचांचा फोन आला होता. टपरीवर कोणी भारताचं लष्कर केवढं असं विचारलं, की काका म्हणे वही उघडून आकडा वाचतात आणि लगेच दुरुस्ती सांगतात, "त्यातनं एक कमी धरा. ती आमची पोर हाय, बाजूच्या रकान्यातली."