काळ्या बॉनेटवरचा गुलाल

ज्यांचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते दौंडचे मामा, माझ्या आईचे थोरले भाऊ. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला मी कृतघ्न वाटण्याची शक्यता आहे.

दहावीनंतर माझं शिक्षण आमच्या निमोणे गावातच संपायचं होतं. वडील दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे आणि मीही स्टिअरिंग धरावं असं त्यांना वाटत होतं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. आमच्या घरातलं कुणी कधी कॉलेजात गेलेलं नव्हतं. मामा एसटीनं आले, ओट्यावर टेकले, आणि चहा यायच्या आधीच वडिलांना म्हणाले, "दाजी, पोरगं मला द्या. ट्रॅक्टर काय, कवाबी चालवल." वडील विचार करत होते तोवर आईनं आत माझी पिशवी भरायला घेतली होती.

मामा रेल्वेत होते. क्वार्टरच्या दोन खोल्यांत मामा, मामी, त्यांचा मुलगा आणि मी. मुलगा माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला दादाच म्हणतो. अर्ज कसा करायचा, पत्राचा मायना कसा घालायचा, साहेबासमोर उभं कसं राहायचं, हे सगळं मामांनी मला त्या क्वार्टरच्या पायरीवर शिकवलं. त्यांची सगळी नोकरी इंजिनांच्या आवाजात झाली आणि निवृत्त होईतो त्यांचे कानही गेले. आता फोन त्यांच्या उपयोगाचा नाही. त्यांना काही सांगायचं तर जवळ जाऊन ओरडावं लागतं, नाहीतर लिहून पाठवावं लागतं.

मी बी.एस्सी. झालो तेव्हा त्यांनी सगळ्या क्वार्टरांत पेढे वाटले. दादानं कॉलेज अर्ध्यावर सोडलं होतं. पेढ्याचा पुडा त्याच्यापुढं धरून मामा म्हणाले, "घे. ह्याला म्हंत्यात शिकणं." दादानं पेढा घेतला आणि हसला. ते वाक्य त्याच्या पोटात किती वर्षं राहणार आहे याची त्या दिवशी मला कल्पना नव्हती. मामांनाही नसावी.

पुढं रांजणगावला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये लागलो. काम एकच होतं. रंगवलेला पत्रा पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात समोर यायचा आणि त्यातला दोष शोधायचा. इतरांना जिथं चकाकी दिसते तिथं मला ओरखडा दिसू लागला. कंत्राट संपलं तेव्हा ही नजर तेवढी बरोबर आली. तिच्या जोरावर शिरूरच्या बायपासला पत्र्याची शेड टाकली आणि गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे काढायचं काम सुरू केलं. उद्घाटनाला मामांनी नारळ फोडला. शेडभर नजर फिरवून म्हणाले, "डिग्री लाव की भिंतीला. लोकांना कळू दे, शिकलेला माणूस हाय." मी लावली. तेव्हापासून येणारा-जाणारा मला बीएस्सी म्हणतो. "बीएस्सी, गाडी कवा देतो?"

काळी गाडी उन्हात तिरपी धरून बघावी. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात. त्या कुणी मुद्दाम काढलेल्या नसतात. धूळ बसलेल्या पत्र्यावरून रोज सकाळी प्रेमानं कोरडं फडकं फिरवलं की त्या पडतात. धूळ म्हणजे बारीक वाळूच. आपल्याकडं गाडी पुसणं म्हणजे गाडीची सेवा, म्हणून जो जास्त सेवा करतो त्याच्या गाडीवर जाळ्या जास्त. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, कागदापेक्षाही पातळ. रेघा त्या थरात असतात. त्या काढायच्या म्हणजे मशीननं पॉलिश फिरवून तो थर रेघेच्या तळापर्यंत उतरवायचा. म्हणजे मी रेघ भरत नाही, तिच्या आजूबाजूचं काढून टाकतो. हे दर वेळी करता येत नाही. थर एकदाच दिलेला असतो.

दादा तोवर राजकारणात उतरला होता. आधी सोसायटी, मग पंचायत, मग ज्याच्या त्याच्या निवडणुकीत पुढं. मोठी काळी गाडी घेतली. आमच्या भागात निकाल लागला की गुलाल उधळतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो गुलाल गाडीवर काय करतो ते मी जवळून पाहिलंय. जेसीबीच्या खोऱ्यातून फुलं ओततात, तारेत ओवलेला हार बॉनेटवर फरफटत नेतात, आणि पोत्यानं गुलाल. मिरवणूक संपली की कार्यकर्ते गळ्यातल्या उपरण्यानं तो कोरडाच पुसतात, कारण पाणी लागलं की गुलाबी डाग धरतो एवढं त्यांना माहीत असतं. स्वस्त गुलालात काय काय मिसळलेलं असतं कुणास ठाऊक. तो दाबून पुसला की रंगाचं काचकागदानं घासल्यासारखं होतं. आधी हवेनं उडवावा, मग भरपूर फेस आणि पाणी सोडावं, मधे हात लावू नये. हे मी दादाला सांगितलं. कार्यकर्त्यांना सांगितलं. एकानं मला उत्तर दिलं, "बीएस्सी, निवडून आल्यावर हवा मारत बसू व्हय?"

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा मी जीव ओतून काम केलं. कडांना पट्ट्या लावल्या, मऊ पॅड घेतलं, सावकाश हात फिरवला. बॉनेटमध्ये समोरच्या लिंबाची पानं मोजता येतील असं झालं. दादानं त्यात मिशा बघितल्या. "आबांनी तुला शिकवलं ते वाया न्हाई गेलं," तो म्हणाला. मामांना तो आबा म्हणतो. मला खरंच बरं वाटलं.

मग ती दर कार्यक्रमाच्या आधी येऊ लागली. लग्न, हळदी, कुणाचा वाढदिवस, कुणाची मिरवणूक. त्यानंतर पुन्हा गुलाल, पुन्हा उपरणं, पुन्हा माझी शेड. दादामागून त्याचा मेहुणा आला, मेहुण्याचा मित्र आला. सगळे घरचे. कुणाला थांब म्हटलं की तेच ऐकायला मिळायचं, "मामाकडं ऱ्हाऊन शिकला ना तू?" मी हो म्हणायचो आणि मशीन लावायचो. ते खरंच होतं.

शेवटच्या वेळी दादा आला तेव्हा मी थर मोजायचं यंत्र बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर ठेवलं. तिथं रंग मुळातच पातळ असतो, आणि आकडा मला हवा त्याच्या बराच खाली आला होता.

"दादा, ह्या टायमाला धुऊन देतो. पॉलिश न्हाई."

"का? मशीन बिघडलं का तू?"

त्याच्याबरोबरचे दोघं-तिघं हसले.

"वरचा थर संपत आलाय. अजून घासलं तर मधल्या रेषेवर रंग उघडा पडंल."

"कंपनीनं एवढा रंग मारलाय, तुझ्या घासण्यानं संपतोय व्हय?"

मी आकडा दाखवला. विरोधकानं पुढं केलेल्या कागदाकडं बघावं तसं त्यानं यंत्राकडं बघितलं. "सत्कार हाय माझा. जिल्ह्यातनं माणसं येणार. आन् मी जाळ्या पडलेल्या गाडीतनं उतरू?"

"सावलीत लावा. जाळ्या उन्हातच दिसत्यात."

"भाऊ, मग गाडीबी मांडवातच घेऊ," एक कार्यकर्ता म्हणाला. "तिचाबी सत्कार करू."

दादा हसला नाही. "आबांनी तुला दौंडला नेला नसता तर आज काय करत असता? आठवतंय का?"

"रोज आठवतंय."

"मग घे मशीन हातात."

मी घेतलं नाही. मामांनी शिकवलं म्हणून मी इथवर आलो हे खरं, पण पत्र्यावर हात कुठं थांबवायचा हे मी स्वतः शिकलो होतो आणि ते कुणाच्या शब्दाखातर सोडायला मन तयार झालं नाही. दादानं किल्ली उचलली. जाता जाता माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बीएस्सी झाला आन् फडकं मारायला न्हाई म्हणतो."

काही आठवड्यांनी निमोण्याहून आईचा फोन आला. "दादाच्या गाडीचं काय झालं? मशीन दाबून तू बॉनेटचा रंग जाळलास म्हणं. तुझी मामी सांगत होती."

मी मोटरसायकल काढली आणि न्हावऱ्यावरून, भीमेचा पूल ओलांडून दौंडला गेलो. निवृत्तीनंतर मामांनी तिथंच घर बांधलंय. गाडी अंगणात उन्हात उभी होती. जवळ जायची गरजच नव्हती. बॉनेटच्या मधोमध, उंचवट्यावर, हाताएवढा पट्टा मेलेला होता. काळा रंग होता पण चकाकी नव्हती, जुन्या तव्यासारखा राखाडी. आजूबाजूला जड मशीनच्या गोल खुणा. वायपरच्या मुळाशी पॉलिशचा पांढरा चिखल वाळून बसलेला. कुणीतरी लोकरीचं पॅड लावून, कडांना पट्टी न लावता, घाईघाईत रबिंग मारलं होतं. माझ्या शेडमधून गाडी अशी बाहेर जात नाही.

मामा खुर्चीवर बसले होते. दादा पायरीवर, त्याची दोन माणसं भिंतीला टेकून. मी पाया पडलो. मामांनी माझा हात धरून जवळ ओढलं आणि हळू विचारलं, म्हणजे त्यांना हळू वाटलं असेल, पण सगळ्या अंगणाला ऐकू गेलं.

"रागात हात जड पडला का रं?"

मी दादाकडं बघितलं. तो मोबाइल बघत होता. मान वर न करता त्यानं मामांना ओरडून सांगितलं, "जाऊ द्या आबा. चुकून झालं असंल. घरचाच हाय, त्याला काय कोर्टात न्यायचं?"

भिंतीजवळच्या एकानं मान डोलावली. "भाऊचं मन मोठं हाय."

जे मी केलं नव्हतं त्याची मला तिथं माफी मिळाली. खरं काय ते सांगायला मामांच्या कानाशी ओरडावं लागलं असतं, "तुमचा मुलगा खोटं बोलतोय," आणि तेही त्याच्या माणसांदेखत. मामींनी चहा आणला. मी तो प्यालो. निघताना मामा मला गेटपर्यंत सोडायला आले नाहीत. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

परत येताना निमोण्याला थांबलो. आई अंगणात शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं.

"केलं म्हण की," ती म्हणाली. "तुझं काय जातंय? शेडवर कोण इचारायला येणार हाय?"

"आई, मी केलं नाही."

"मला ठावं हाय. मी तुला इचारलं का?" तिनं मूठभर दाणे सुपात टाकले. "पर मला माहेर एकच हाय."

दादाच्या माणसांनी तालुकाभर सांगितलंय की बीएस्सी गाड्या जाळतो. काही गिऱ्हाइकं तुटली. ती पुन्हा जोडता येतील. मामांचं तसं नाही. त्यांना माझ्याबद्दल जे वाटतं ते एकदा बिघडलं तर ते बदलायला त्यांच्याकडंही फार वर्षं उरलेली नाहीत. आईनं गप्प राहायला सांगितलं होतं. मी थोडे दिवस राहिलो, आणि दिवाळीच्या तोंडावर हे पत्र टाकलं.

*

तीर्थरूप मामांस,

नमस्कार.

आईला न सांगता लिहितो आहे. दादाच्या गाडीचं बॉनेट मी घासलेलं नाही. त्या दिवशी मी पॉलिशला नाही म्हणालो आणि दादा गाडी तशीच घेऊन गेला. पुढं ती कुणाकडं गेली ते मला माहीत नाही आणि मी शोधलंही नाही. अंगणात हे बोललो नाही, कारण तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तुमच्या मुलाला खोटा म्हणणं माझ्याच्यानं झालं नाही. तो मान मी तुमचा राखला, त्याचा नाही.

रागात हात जड पडला का, असं तुम्ही विचारलंत. त्याच्या आधी एक प्रश्न होता, तू केलंस का. तो तुम्ही विचारला नाहीत. मी तुमच्या ताटाशेजारी जेवून मोठा झालो. माझा हात कसा आहे हे दादापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असेल असं मी धरून चाललो होतो. मला एवढंच लागलं आहे. बाकी दादा काय बोलतो त्याचं मला काही नाही.

बॉनेटला आता पॉलिशनं काही होणार नाही. ते उतरवून पूर्ण रंगवावं लागेल. चांगल्या ठिकाणी करून घ्या. गाडी माझ्याकडं पाठवू नका, मी हात लावणार नाही. माझ्या शिक्षणाचा विषय काढून दादानं मला कामाला लावणं आता बंद व्हावं. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मला पाठ आहे, त्याची आठवण त्यानं करून द्यायला नको.

भाऊबीजेला मी येणार नाही. आई येईल. तिला यातलं काही विचारू नका. ती माझी बाजू घेणार नाही आणि तुमचीही घेणार नाही, नुसती रडेल. तिचा गुडघा धरला आहे, पाट देऊ नका, खुर्ची द्या. परतीला शिरूरच्या गाडीत पुढच्या दाराजवळ जागा बघून द्या, आणि गाडी हलेपर्यंत स्टँडवर थांबा.

तुमचा भाचा