पानावर पाणी

द्राक्षवाल्यांच्या घरात सून म्हणून आले तेव्हा पहिली ताकीद मिळाली ती पोळ्यांबद्दल नव्हे, पानांबद्दल. पान ओलं राहिलं की डाऊनीची बुरशी आली आणि बाग गेली. दिंडोरीकडच्या आमच्या घरात यावर वाद नव्हता. माहेरही द्राक्षाचंच, म्हणून मला हे नवं नव्हतं. पाणी द्यायचं ते ठिबकनं, मुळाशी. अवेळी भुरभुर आली तर माझे सासरे आभाळाकडे बघून शिव्या घालत.

अशा घरात मी अर्ध्या एकरावर शोभेच्या झाडांची नर्सरी काढली. जास्वंद, तगर, एक्झोरा, स्पायडर लिली, पेंटास, सगळी पिशव्यांत आणि कुंड्यांत. नाशिकच्या सोसायट्यांच्या बागांत ती लागायची. सासऱ्यांनी जमीन दिली, पण मनापासून नाही. "खाता येत नाय, पिता येत नाय, असलं झाड कोण इकत घेतं?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणायचे. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. मीही म्हणायचे, "नाना, तुमची द्राक्षं खाऊन तरी कुणाचं पोट भरतं?"

झाडं चांगली जात होती. मला जेरीला आणलं ते तणानं. पेठकडून आलेली एक मावशी आणि तिच्या सोबतच्या बाया कुंड्या खुरपायच्या, पण पावसाळ्यात त्या भाताच्या आवणीला गावी जात आणि नेमकी तेव्हाच आंबुशी माजायची. तिच्या शेंगेला नुसतं बोट लागलं तरी ती फुटते आणि बी शेजारच्या कुंडीत जाऊन पडतं. अशाच एका पावसाळ्यात इंदिरानगरातल्या सोसायटीची बाग करणाऱ्या माणसानं भरलेला टेम्पो परत पाठवला. फोनवर म्हणाला, "ताई, मी झाडं मागवली होती. हे गवत कुठं लावू?"

टेम्पो रिकामा होताना सासरे ओट्यावर बसून बघत होते. चहा झाल्यावर म्हणाले, "अजून एक पावसाळा बघू. पुन्हा असं झालं तर तिथं द्राक्ष लावायची." ओरडले असते तर मी भांडले असते. त्यांनी शांतपणे सांगितलं, म्हणून मी घाबरले. आयुष्यात मी स्वतः उभी केलेली तेवढी एकच गोष्ट होती.

बागेत तणनाशक मारणं सोपं. वेल वर मांडवावर, तण खाली जमिनीवर. कुंडीत दोघंही वीतभर मातीत, एकमेकांना खेटून. मग मला एका दाणेदार औषधाचं कळलं. उगवलेल्या तणाला ते काही करत नाही, बी मात्र रुजू देत नाही. खुरपून स्वच्छ केलेल्या कुंडीवर ते भुरभुरायचं. कुठलं झाड ते सोसेल आणि कुठलं नाही, हे करून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं.

उन्हाळ्यात मी प्रत्येक जातीच्या सहा पिशव्या मांडल्या. तिनांत औषध, तीन कोऱ्या.

"ह्या तीन कशाला ठेवल्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"साक्षीला," मी म्हटलं.

पाकिटावरच्या सूचना मी दोनदा वाचल्या. पानं कोरडी असताना दाणे टाका आणि लगेच भरपूर पाणी द्या. दव वाळेपर्यंत थांबले, दाणे टाकले आणि ठिबक तासभर चालू ठेवलं.

आठवड्यानं लिलीचे गाभे तपकिरी पडले. एक्झोराचे शेंडे आखडले, तगरीच्या पानांवर करपल्याचे डाग. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सासरे वाकून बघत म्हणाले, "तणनाशक ते तणनाशक. त्याला काय कळतंय, कोण आपलं नि कोण परकं?" मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. रागानंच रडले, पण रडले.

तिथं मला शोधत मावशी आली. "ताई, रडताय काय? त्या कोपऱ्यातल्या नाय जळल्या. बघा तरी."

कोपऱ्यात पाइपाचा सांधा गळत होता. त्यातून उडणारं पाणी शेवटच्या पिशव्यांवर सारखं पडत होतं. तो सांधा दुरुस्त करा म्हणून मी चार दिवस सगळ्यांच्या डोक्याशी कटकट करत होते. त्याच्याखालच्या लिलीत आणि एक्झोरात औषध होतं आणि दोन्ही हिरवीगार होती. मी लिलीचा जळालेला गाभा उघडून बघितला, तर दाणे पानांच्या बेचक्यात तसेच अडकलेले. कोपऱ्यातल्या पानांवरचे दाणे पाण्यानं धुऊन खाली मातीत उतरले होते. भरपूर पाणी मीही दिलं होतं, पण द्राक्षवाल्यांच्या रीतीनं. पानावर पाणी घाला असं पाकिटाला म्हणायचं असेल, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

मी पुन्हा सहा-सहा पिशव्या मांडल्या. दाणे टाकले आणि नळी उचलून थेट पानांवर पाणी सोडलं. सासरे बघत होते. त्यांनी दोन वेळा तोंड फिरवलं. तिसऱ्या वेळी उठून आले आणि माझ्या हातातली नळी काढून घेतली. मला वाटलं, झालं, संपली नर्सरी.

"अशी धार लावल्यावर दाणे पिशवीभाईर जातील," ते म्हणाले. "अंगठा धरायचा तोंडावर. असा." आणि जन्मभर पानं कोरडी राखलेल्या त्या माणसानं माझ्या तीसही पिशव्या वरून खाली अलगद धुतल्या. चेहरा मात्र कडू औषध घेतल्यासारखा.

लिली, एक्झोरा, तगर, जास्वंद, चारही पास. पेंटास नापास झाला, पाणी घालूनही. त्याच्या पाटीवर मी 'हातानं' असं लिहिलं. मावशी हसून म्हणाली, "म्हंजे खुरपं ठेवायचं तर." मी म्हटलं, "खुरपंही ठेवा आणि वाचलेल्या वेळात कलमंही शिका."

पाऊस सुरू व्हायच्या आधी सगळ्या कुंड्या खुरपून आम्ही पेंटास आणि साक्षीच्या पिशव्या सोडून बाकी सगळ्यांत दाणे टाकले; पेंटास तेवढा मी स्वतः खुरपत राहिले. मावशी आवणीला गेली, परत आली, आणि खुरपं हातात घेऊन रांगांमधून नुसती हिंडली. आंबुशी होती ती फक्त साक्षीच्या पिशव्यांत. मग इंदिरानगरचा तो बागवाला आला. पानं बाजूला करकरून बघू लागला.

"ताई, गवत कुठं गेलं?"

या प्रश्नाचं उत्तर मी उन्हाळ्यापासून पाठ करून ठेवलं होतं. "तुमच्यासाठी प्रत्येकातल्या तीन पिशव्या राखून ठेवल्यात. बांधून देऊ?" तो मोठ्यानं हसला आणि दोन टेम्पो भरून झाडं घेऊन गेला. मी त्या दिवशी इतकी खूश होते, की स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं.

काही दिवसांनी नर्सरीच्या बाजूनं ठोकाठोक ऐकू आली. सासरे पक्कड घेऊन बागेच्या शेवटच्या ओळीच्या तारा सोडवत होते. ती ओळ त्यांनी स्वतः लावलेली.

"नाना, हे काय करताय?"

"म्हातारी झाली ही ओळ. तुझ्या लिलीला जागा लागंल," ते म्हणाले. मान वर केली नाही. तार गुंडाळत पुढं म्हणाले, "पाणी मात्र मीच मारणार. तुला अंगठा धरता येत नाय."