पीटरकाकांचा करंट रेशो

“मॅडम, करंट रेशो दोनच्या वर आहे. बँक नाही कशाला म्हणेल?” पीटरकाकांनी ताळेबंद माझ्यापुढे सरकवला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसई पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये काकांचा कुकरची रबरी गास्केट्स बनवायचा कारखाना होता. मी त्यांची सीए. विरारहून स्कूटरने यायचे. काकांना शेजारचा गाळा घ्यायचा होता. त्यासाठी निर्मळ गावातली घरची केळीची वाडी गहाण टाकायची होती आणि बँकेच्या कागदांवर माझी सही हवी होती.

करंट रेशो म्हणजे वर्षभरात ज्याचा पैसा होईल अशी मालमत्ता, त्यात साठवलेला मालही आला, भागिले वर्षभरात फेडायची देणी. दोन आला की बँकवाले खूश. पण इथे विक्री जागच्या जागी होती आणि रेशो मात्र वाढत होता. मला ते खटकलं. मी इन्व्हेंटरी टर्नओव्हर काढला, म्हणजे साठवलेला माल वर्षात किती वेळा विकला जाऊन नव्याने भरला जातो. तो सारखा घसरत होता.

“काका, गोडाऊन बघू या.”

गोडाऊन पत्र्यापर्यंत भरलं होतं. मागच्या खोक्यातलं एक गास्केट मी वाकवलं. कडाकडा भेगा पडल्या. रबर पडून राहिलं की कडक होतं.

“हे घेणार कोण?”

“कोणी नाही. ते मॉडेलच बंद झालं.”

“मग बनवत का राहिलात?”

काका खोक्यावर टेकले. “आमचा रॉबर्ट मस्कतला आहे ना. दर फोनला विचारतो, मशीन चालू आहेत ना? हो म्हणता यावं म्हणून चालू ठेवली. दोन गाळे झाले तर नोकरी सोडून येईल, असं वाटतं हो. त्याची आई अजून फाटक वाजलं की उठून बघते.”

मी ताळेबंदावर पेन्सिलीने आकडा पुन्हा काढला.

“काका, हा माल शून्य धरला तर रेशो एकच्याही खाली जातो. मी सही नाही करू शकत. आणि वाडीच गेली, तर तो येणार कुठे?”

ते उठून केबिनमध्ये गेले आणि मस्कतला फोन लावला. घरच्या बोलीत बोलत होते, मला निम्मंच समजलं. कारखाना मोठा होणार नाही, एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, तरी येऊन जा.

जुना माल भंगारात गेला. त्या वर्षी तोटा दिसला. पुढे माल ऑर्डरपुरताच बनू लागला, बँकेचं आधीचं कर्ज उतरत गेलं आणि वाडी राहिली. रॉबर्ट नाताळला आला. काकांनी त्याला सगळा कारखाना फिरवून दाखवला, राहा म्हणाले नाहीत. सुट्टी संपल्यावर तो परत गेला.

तेव्हापासून कुठल्याही कंपनीचा रेशो फार चांगला दिसला, की मी आधी विचारते, माल कोणासाठी बनवलाय? दरवेळी गिऱ्हाइकाचंच नाव ऐकू येतं असं नाही.